आईच्या वाटणीचं लोणी

उलानबातर
२८ ऑक्टोबर १९७९

प्रिय यांजमा,

जनावरं अंगानं भरलीत ना? हिवाळ्याला जागा चांगली मिळाली ना? आईचे गुडघे काय म्हणतात? रीत म्हणून विचारत नाही, खरंच कळव. माझ्या भावाचं पत्र म्हणजे चार ओळी, त्यातल्या तीन घोड्यांवर. म्हणून या खेपेला गोंबोला सोडून त्याच्या बायकोला लिहितेय.

तुया बाळंत झाली. सहा तारखेला, मुलगी. तुझी भाची आई झाली आणि तू आजी, आता केस पांढरे करायला हरकत नाही. मी बालवाडीच्या स्वयंपाकघरातून चार दिवस रजा घेतली होती, पण तिथल्या पोरांना दुसऱ्या बाईच्या हातचं सूप चालेना, परत बोलावलं.

आता कामाचं. तुया फार अशक्त झालीय. रक्त कमी, अंगावर दूध उतरत नाही, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असते. दुकानात कागदात गुंडाळलेलं लोणी मिळतं, पण ते साबणाच्या वडीसारखं, त्यानं काय ताकद येणार? आईच्या हातचं पाहिजे. मेंढीच्या पोटाच्या कोथळीत भरलेलं, नेहमीचं. फक्त या वर्षी लहान नको, मोठी कोथळी पाठव. लुव्सानचा ट्रक नोव्हेंबरच्या मध्यावर तामिर नदीकडे येतोय, त्याला मी सांगून ठेवलंय.

आईला म्हणावं, लेक मागतेय. ती नाही म्हणणार नाही. तू तेवढं तोंड वाकडं करू नकोस. करशील, मला इथून दिसतंय.

तुझी नणंद,
देजिद

तामिर काठ
१६ नोव्हेंबर १९७९

देजिदताई,

तोंड वाकडं केलं नाही. इथं थंडीनंच ते झालंय, वेगळं करायची गरज पडत नाही.

तुया आणि बाळ दोघींना आमचे आशीर्वाद. पत्र आईंना वाचून दाखवलं. तुयाचं ऐकून त्या उठल्या, स्वतः पेटी उघडली आणि सगळ्यात मोठी कोथळी काढून माझ्यासमोर ठेवली. "ही बांध," एवढंच. मी काही बोलणार होते, पण त्यांनी पेटीचं झाकण लावलं. तुम्हाला त्यांचं झाकण लावणं माहीत आहे.

कोथळी घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून लुव्सानच्या हवाली केलीय. गरम इंजिनाशेजारी ठेवू नको म्हणून त्याला तीनदा सांगितलं.

तुम्हाला हे सांगायला नको, पण शहरात राहून विसरला असाल म्हणून लिहिते. चुलीच्या जवळपास ठेवू नका. बाहेर लाकडी खोक्यात, कुत्र्याचं तोंड पोचणार नाही अशा उंचीवर. सगळी कोथळी सोलायची नाही. एका टोकाचा टाका उसवायचा, लागेल तेवढं कापायचं, तोंड परत दुमडून वर फडकं बांधायचं. एकदा ऊब लागली की कडेनं पिवळं पडतं आणि मग आतपर्यंत खवट होतं, ते पुन्हा गोठवून सुधारत नाही. तुयाला सकाळी कोमट चहात भाजलेलं पीठ कालवून वर अंगठ्याएवढा तुकडा द्यायचा, तो वितळून पिठात मुरला की खायला द्यायचं. आई म्हणतात, पहिले तीन दिवस कमी, मग वाढवायचं.

आमच्याकडे पुरेसं आहे, काळजी नसावी. हे वाक्य आईंनी घालायला सांगितलं.

यांजमा

उलानबातर
२२ डिसेंबर १९७९

प्रिय यांजमा,

कोथळी पोचली. लुव्सानला चहा पाजला, मग त्याच्या हातातून घेतली. काय वजन होतं गं, मला वाटलं मेंढीच जिवंत पाठवलीत.

तुयानं पहिल्याच सकाळी पावावर जाड पसरून खाल्लं आणि म्हणाली, आजीचा वास येतो. दुसऱ्या आठवड्यात गालावर रंग आला. आता दूध इतकं की बाळाला ठसका लागतो. शेजारच्या बायका विचारतात, काय दिलंत? मी सांगत नाही. आईला सांग, तिच्या लोण्यानं लेकीच्या लेकीला उठवलं.

आणखी एक बातमी, बसून वाच. आम्हाला फ्लॅट मिळाला. पाच वर्षं यादीत तळाशी पडलेलं नाव अचानक वर आलं. चौथा मजला, दोन खोल्या, नळाला गरम पाणी, भिंतीला लोखंडाच्या गरम पट्ट्या. गोवऱ्या नाहीत, राख नाही, पहाटे उठून चूल पेटवणं नाही. काल मी स्वयंपाकघरात नुसती उभी राहिले, नळ सोडून. जावई म्हणाला, आई, पाणी संपेल. मी म्हटलं, संपू दे.

आईला पुरेल ना गं? तू म्हणालीस पुरेसं आहे म्हणून. तरी विचारते.

देजिद

तामिर काठ
१९ जानेवारी १९८०

देजिदताई,

फ्लॅटबद्दल आनंद झाला. गोंबो म्हणतो, चौथ्या मजल्यावर घोडा कुठं बांधणार? मी म्हटलं, तुझी बहीण घोड्यावरून उतरून वीस वर्षं झाली.

इथं बर्फ पडून वर गोठलाय. जनावरांना खुरानं फोडता येत नाही. सहकारी संघाच्या मेंढ्या गोंबो खालच्या खोऱ्यात घेऊन गेलाय, दहा दिवस झाले. मी, मुलं आणि आई घरी.

आई बऱ्या आहेत. जरा बारीक झाल्यात, या वयात होतंच. लोणी आहे.

तुमचं पत्र त्यांनी दोनदा वाचून घेतलं. तुयाचा मजकूर तिसऱ्यांदा. पावावर जाड पसरून, हे शब्द ऐकून त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मीही बघितलं. डिसेंबरात कोथळीतलं लोणी कुऱ्हाडीनं फोडावं लागतं, ताई. तुमच्याकडे ते पसरलं म्हणजे तुम्ही ते उबेत ठेवलंय. मी एवढं लिहिलं होतं.

आई विचारतात, चौथ्या मजल्यावर लोणी कुठं ठेवतात?

यांजमा

उलानबातर
१ मार्च १९८०

यांजमा,

काल लुव्सान भेटला. पांढऱ्या महिन्याच्या सणाला तो तुमच्याकडे येऊन गेला म्हणाला. मी हसत विचारलं, माझी आई नव्या वर्षात कशी दिसते? तो हसला नाही.

तो म्हणाला, मनगटं काटक्यांसारखी झालीत. उठताना खांब धरते. तिच्या वाडग्यात डोकावलं तर चहावर मेंढीची चरबी तरंगत होती, गारठून पांढरी झालेली. मेंढीची चरबी? जिच्या तोंडात एक दात नाही, जी मांस चघळून थुंकते, तिला तू चरबी देतेस? आणि मला पत्रात लिहितेस, लोणी आहे.

होतंच की. लुव्साननं तेही सांगितलं. सणाच्या ताटात तळलेल्या बिस्किटांच्या ढिगावर लोण्याचे तुकडे रचले होते. तू स्वतः त्याला वाढलंस. आणखी घ्या, आणखी घ्या म्हणून आग्रह केलास. तो म्हणाला, चांगलं होतं लोणी. मला त्याच्या तोंडावर मारावंसं वाटलं, बिचाऱ्याचा काय दोष.

कुणाच्या वाटणीचं लोणी तू पाहुण्यांना वाढलंस, यांजमा? आई तुझ्या भरवशावर आहे. मी इथं आहे, माझा हात पोचत नाही. तुझा तर पोचतो. गोंबोला मी वेगळं लिहिणार होते, पण आधी तुला विचारते. उत्तर दे.

देजिद

तामिर काठ
१४ मार्च १९८०

देजिदताई,

विचारलंत म्हणून लिहिते. गोंबोला लिहायला हरकत नाही, मी त्याला सगळं सांगितलंय.

आईच्या वाटणीचं लोणी तुमच्याकडे आलं.

दात गेल्यापासून आमच्याकडे अशी पद्धत आहे. शरदात कोथळ्या भरून झाल्या की सगळ्यात मोठी आईंची. तिला कुणी हात लावत नाही. गायी आटल्यापासून वसंतात वासरं होईपर्यंत त्या तिच्यावर काढतात, चहात आणि पिठात. बाकीच्या आमच्या, मुलांच्या, सणाच्या. मागचा उन्हाळा कोरडा गेला, संघाला द्यायचं दूध तेवढंच राहिलं, आमच्या गायींचं उरलं ते थोडं. मोठी एक आणि लहान दोन, एवढ्याच भरल्या. नोव्हेंबरात त्यांनी पेटीतून काढून माझ्यासमोर ठेवली ती त्यांची कोथळी होती.

तेव्हाच तुम्हाला लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. त्यांनी मला लिहायला लावलं की पुरेसं आहे, आणि मी रागानं लिहिलं. दूध मी काढलं होतं. पहाटे उठून साय मी काढली होती. मला एका शब्दानं न विचारता दिलं, तर आता बसा, असं माझ्या मनात आलं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

एक लहान कोथळी डिसेंबरात संपली, सगळ्यांनी मिळून खाल्ली. दुसरी मी पिठाच्या पोत्यात दडवली. आईंना सांगितलं, संपलं. सणाला ताटावर पांढरं काही नसलं तर खोऱ्यातल्या बायका काय म्हणतील, हे एक. दुसरं ते वर लिहिलंय. मी रोज त्यांच्या चहात चरबी घालत होते आणि पोतं माझ्या पाठीशी होतं. त्यांनी कधी विचारलं नाही. वाडगा परत द्यायच्या, तो अर्धा भरलेला असायचा.

फेब्रुवारीच्या नऊ तारखेला त्या दारातून बाहेर पडताना कोसळल्या. उचलल्या तर कोकराएवढ्या हलक्या. दवाखान्यातला माणूस घोड्यावर आला, म्हणाला, रोग काही नाही, अंगात काही उरलं नाही. त्या दिवशीसुद्धा मी पोतं उघडलं नाही. सण आठ दिवसांवर होता. मी मनाशी म्हटलं, सण झाला की देईन.

सणाला ताट मांडलं. त्यांनी बघितलं. "संपलं होतं ना," असंही म्हणाल्या नाहीत. मी पहिला तुकडा त्यांच्यापुढे धरला. म्हणाल्या, "पाहुण्यांना वाढ." मी वाढलं. लुव्सानला आग्रह केला तो खरा आहे. हात थांबला तर मी रडेन असं वाटत होतं, म्हणून वाढत राहिले.

उरलेलं आता रोज देते. त्या खातात. मी समोर बसत नाही, बाहेर जाते.

आता तुम्ही मला एक सांगा. तुयाला ते लोणी लागू पडलं ना? गालावर रंग आला, दूध आलं, हे खरं आहे ना? तेवढं एकदा पुन्हा लिहा. मी आईंना वाचून दाखवीन. त्या अंथरुणात पडून तेच विचारतात.

यांजमा

उलानबातर
२ एप्रिल १९८०

यांजमा,

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस.

तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले. तीनदा लिहायला बसले. पहिल्यांदा तुला पुन्हा शिव्या दिल्या, ते फाडलं. दुसऱ्यांदा तुयाचे गाल लिहिले, तेही फाडलं.

तुयाला काही झालं नव्हतं. बाळंतपणानंतर आठव्या दिवशी ती बादल्या उचलत होती. दूध पहिल्यापासून भरपूर. ती कोथळी तिनं बघितलीसुद्धा नाही.

घरांची यादी करणारा एक साहेब आहे. आमच्या बालवाडीत त्याचा नातू येतो. एकदा पोराला न्यायला आला तेव्हा म्हणाला, लहानपणी खांगाईच्या डोंगरात खाल्लेलं कोथळीतलं लोणी आता कुठं मिळतं? मी म्हटलं, मिळेल. त्या दिवशी घरी आले आणि तुला पत्र लिहिलं. माझ्या मागणीवर तू नाक मुरडलं असतंस, बाळंतिणीच्या मागणीवर कुणी मुरडत नाही. एवढा हिशेब मी केला होता. आईचा केला नव्हता. तिची कोथळी वेगळी असते हे मला माहीत नव्हतं यांजमा, पण माहीत करून घ्यावं असंही कधी वाटलं नाही.

लुव्सान गेल्या गेल्या मी ती उचलून साहेबाच्या घरी नेली. तो नव्हता, बायको होती. जाडजूड, केस कुरळे केलेले. तिनं घोंगडी उघडली, कोथळी बघितली आणि दोन बोटांनी परत झाकली. "अहो, हे पोट आहे," म्हणाली. मी म्हटलं, बाहेर गार जागी ठेवा, एका टोकाचा टाका उसवा, तुझ्या पत्रातलं सगळं तिला सांगितलं. ती हो हो म्हणत होती आणि ती कोथळी तिनं दारातल्या बुटांशेजारी ठेवली, भिंतीच्या गरम पट्टीखाली. मी तिथं उभी होते. वाकून उचलून बाहेर ठेवायला चार पावलं लागली असती. नाही उचलली. म्हटलं, तिला राग आला तर?

दहा दिवसांनी कागदावर सही घ्यायला बोलावलं म्हणून गेले. जिन्यातच वास आला. त्यांच्या दारात बूट होते, कोथळी नव्हती. साहेबानं सही केली, लोण्याचं नाव काढलं नाही, मला वाटतं त्याला कुणी सांगितलंच नसावं. खाली उतरले तर अंगणात कचऱ्याच्या डब्याशेजारी ती पडली होती. फुटली होती. एक कुत्रा आतलं चाटत होता, आणि मॅगपाय पक्षी वरून टोचत होते. आईचा टाका मी ओळखला. ती शिवताना शेवटी दोन गाठी मारते.

मी कुत्र्याला हाकललंही नाही. साहेबाची बायको खिडकीतून बघत असेल असं वाटलं. तशीच चालत फाटकाबाहेर गेले आणि बसमध्ये बसले, हातात सही केलेला कागद घेऊन.

म्हणजे त्या लोण्यानं फ्लॅटसुद्धा मिळाला नाही. नाव कदाचित आपोआपच वर आलं असेल. मला कळायला मार्ग नाही.

भिंत गरम असते. हिवाळाभर मी तिच्याशी पाठ लावून बसते आणि उठते. तुझ्यावर मी काय काय लिहिलं ते आठवतं. तू आईच्या शेजारी तरी होतीस.

आईला काय सांगायचं ते तू ठरव. सांग, लागू पडलं. तेवढं माझ्यासाठी कर.

देजिद

तामिर काठ
२१ एप्रिल १९८०

देजिदताई,

मी वाचून दाखवलं. सगळं.

तुम्ही नको म्हणाला होता. पण पत्र हातात घेऊन मी आत आले तेव्हा आई भिंतीला टेकून बसल्या होत्या, म्हणाल्या, "कुणाचं?" मी म्हटलं, देजिदताईंचं. म्हणाल्या, "वाच." मी आधी माझं सांगितलं, पिठाच्या पोत्याचं. मग तुमचं वाचलं. दोन्हींतलं एकच सांगणं मला जमलं नसतं. तुम्ही रागावलात तर रागवा.

त्या ऐकून झाल्यावर म्हणाल्या, कागद घे. पुढचं त्यांचं आहे. त्या जसं बोलल्या तसं लिहिलंय.

देजिद, मी बोलते, यांजमा लिहिते. तिला काही गाळायचं नाही असं बजावलंय.

तुया बरी आहे हे मला नोव्हेंबरातच माहीत होतं. लुव्सान चहा पीत होता, मी विचारलं, पोर कशी आहे? तो भोळा माणूस. म्हणाला, कालच दोन बादल्या पाणी घेऊन जाताना दिसली, गाणं म्हणत होती. यांजमा तेव्हा बाहेर घोंगडी शोधत होती. कोथळी अजून पेटीसमोर होती. मी ती परत आत ठेवू शकले असते.

दिली. का दिली, सांगते. तू शहरात गेलीस त्याला वीस वर्षं झाली. आधी तू शेवया मागायचीस, लोकर मागायचीस, आजारी पडलीस की मला बोलवायचीस. मग एकेक बंद झालं. लोणी तेवढं राहिलं होतं. खोटं बोलून का होईना, माझ्याकडे काहीतरी मागितलंस. मला ते आवडलं. कशाला हवंय हे मी लुव्सानला विचारलं नाही, विचारलं असतं तर कळलं असतं.

आणि यांजमाला विचारलं नाही. दूध तिचं, मेहनत तिची. मुद्दाम तिच्यासमोर पेटी उघडली. या घरात अजून माझा हात चालतो हे तिला दिसावं म्हणून. हे लिहिलंस का, यांजमा? लिही.

पोत्याचा वास मला पहिल्या दिवसापासून येत होता. माझे दात गेलेत, नाक नाही गेलं. पीठ काढायला ती पोतं उघडायची की गेरभर, अख्ख्या तंबूत लोण्याचा वास. मागितलं असतं तर तिनं त्याच क्षणी दिलं असतं, तिचा स्वभाव मला ठाऊक आहे. मागितलं नाही. म्हटलं, बघू किती दिवस हिला झोप लागते. चरबीचा चहा मी अर्धा टाकायचे. पीठ होतं, ते मला खाता येत होतं, तेही मी कमी केलं. माझी मनगटं तिला दिसावीत म्हणून. रोज वाडगा परत देताना बाही वर सरकवायचे.

मी पडले त्यात तिचा वाटा आहे, तुझाही आहे. पण पाडून घेतलं मी.

माफी मागणारी पत्रं आता पाठवू नकोस. मागायची तर मला तुम्हा दोघींची मागावी लागेल, आणि ती मी मागणार नाही, मी म्हातारी आहे. जूनमध्ये ये. दूध काढायला माणूस कमी पडतं.

ताई, आईंचं इथं संपलं. बाहीचं लिहिताना माझा हात थांबला होता. त्या म्हणाल्या, "काय झालं?" मी म्हटलं, शाई गोठली. चूल धडधडत होती. त्या शाई वितळेपर्यंत वाट बघत बसल्या.

पहिल्या गायीला वासरू झालंय. आज त्यांच्या चहात दूध घातलं.

यांजमा

उलानबातर
१२ जुलै १९८०

प्रिय यांजमा,

पोचले. ट्रकमध्ये पाठ मोडली, हातांना दुधाचा वास अजून आहे, तो मी घालवत नाही.

दहा दिवसांत आपण दोघी पुष्कळ बोललो, तरी एक गोष्ट तोंडातून निघाली नाही, ती लिहिते. तू बघितली असशीलच.

पहिल्या दिवशी मी गेरमध्ये शिरले आणि सवयीनं उजवीकडे वळले, भांड्यांकडे, पेटीकडे. आई म्हणाली, "तिकडं नको, इकडं बस." डावीकडे, पाहुण्यांच्या जागी. मग ती उठली, खांब धरत पेटीपर्यंत गेली, ताटलीत लोण्याचे तुकडे कापले, चार बिस्किटं मांडली, आणि दोन्ही हातांनी ताटली माझ्यापुढे धरली. "घ्या," म्हणाली. मला. घ्या.

रोज सकाळी तेच. तू, गोंबो, मुलं, ज्याला हवं तो पेटी उघडून सुरीनं कापून घेत होता, उभ्या उभ्या खात होता. लहानपणी मीही तसंच खाल्लंय, आईच्या शिव्या खात. आता माझ्यापुढे ताटली. लुव्सान आला त्या दिवशी त्याला आणि मला सारखीच ताटली आली. तो म्हणाला, वा.

ती माझ्याशी गोड बोलली. रागाचा एक शब्द नाही. बाळाचं विचारलं, फ्लॅटचं विचारलं, गाय कशी धरायची ते पुन्हा शिकवलं. पण चाळीस वर्षांत मला कुणी इतक्या नीट लोणी वाढलं नव्हतं, आणि तो घास खाली उतरत नव्हता. काही दिवस अर्धं टाकलं. शेवटच्या सकाळी मनाशी म्हटलं, हे संपवायचं, माझ्या वाटणीला जे आलंय ते मी खाणार. सगळं खाल्लं. ताटली दोन्ही हातांनी परत केली. तिनं घेतली आणि धुवायला ठेवली, माझ्याकडे बघितलं नाही.

निघताना काही बांधून दिलं नाही. मी मागितलंही नाही.

काल दुकानातून कागदातलं लोणी आणलं. तुयानं पावावर पसरलं. ते सहज पसरतं.

देजिद

तामिर काठ
३ ऑगस्ट १९८०

देजिदताई,

बघितलं होतं. मी त्यांना एकदा म्हटलंही, ताई स्वतः कापून घेतील की. त्यांनी पेटीचं झाकण लावलं.

कोथळ्या भरायला घेतल्यात. या वर्षी पाऊस चांगला झाला, साय जाड येते. भरायची ताकद त्यांच्या हातात राहिली नाही, त्या बाजूला बसून मला सांगतात. हवा राहिली, आणखी दाब. टाका सैल आहे, उसव. मी उसवते. पहिली मोठी भरून झाली तेव्हा मीच ती उचलून त्यांच्या अंथरुणाशेजारी ठेवली. म्हणाल्या, "इथं उबेत कशाला?" मी परत बाहेर नेली.

तुम्ही गेलात त्या दिवशीची गोष्ट सांगायची राहिली. ट्रक टेकडीआड गेला तरी त्या दारात होत्या. आत येऊन ताटली धुवायला घेतली, मी घेऊ म्हटलं तर दिली नाही. धूत धूत विचारलं, "देजिद रोज खायची का?"

मी म्हटलं, "काही दिवस अर्धं टाकायच्या."

"आज?"

"आज सगळं खाल्लं."

त्यांनी ताटली पुसली. पुन्हा पुसली. मग पालथी घालून ठेवली आणि म्हणाल्या, "पुढच्या खेपेला आली की तिला सुरी दे. आपलं आपण कापून घेईल." फडकं झटकून म्हणाल्या, "मी असले नसले तरी दे."

यांजमा